डिकीतला दिवा

आमच्या गाडीची बॅटरी उत्तम आहे, असं सुरतेतल्या प्रत्येक दुकानदाराचं मत होतं. गाडीचं मत वेगळं होतं.

गाडी सेकंडहँड. आमच्या शेठनी नवी घेतली तेव्हा ही मला मिळाली. मी पलसाण्याला एका डाईंग मिलमध्ये कलर मास्तर आहे. मिलच्या बसने जातो, मिलच्या बसने येतो, त्यामुळे गाडी डिंडोलीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर आराम करते. रविवारी सकाळी आम्ही तिघं नटूनथटून खाली उतरायचो. मी, माझी बायको सुनंदा आणि मुलगी प्राजक्ता. किल्ली फिरवली की गाडी 'टक' म्हणायची. पुन्हा फिरवली की पुन्हा 'टक'. तिसऱ्यांदा तेवढंही म्हणायची नाही. मग शेजारचे कांतिभाई त्यांची गाडी नाकासमोर आणून उभी करायचे, जंपर केबल लावायचे, आणि आमची गाडी त्यांच्या कृपेने चालू व्हायची. कांतिभाईंचे रविवारचे फाफडे आमच्यामुळे नेहमी थंड व्हायचे.

पहिल्या वेळी मी उधन्याच्या बॅटरीवाल्या हितेशभाईंकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "गई."

"तपासून तर बघा."

"मोढुं जोईने खबर पडे, साहेब." (तोंड बघूनच कळतं म्हणे. आमच्या लग्नाच्या वेळी माझ्या सासऱ्यांनी हीच पद्धत वापरली होती आणि त्याबद्दल सुनंदा अजून त्यांना बोलते.)

नवी बॅटरी बसली. दोन रविवार गाडी ऐटीत चालली. तिसऱ्या रविवारी 'टक'.

मी केबल लावून, धडधडत, वाटेत कुठेही बंद न करता गाडी हितेशभाईंकडे नेली. आता बॅटरी त्यांचीच असल्यामुळे त्यांनी तोंड बघून निकाल दिला नाही. आतून एक मशीन आणलं, दोन चिमटे लावले, बटण दाबलं. मशीनने लिहिलं, 'गुड'.

"गुड बतावे छे," हितेशभाई म्हणाले.

"पण सकाळी चालू होत नव्हती."

"अभी तो चालू है ना?"

"अभी आहे. सकाळी नव्हती."

"तो जब बंद हो, तब लाना. तब टेस्ट करेंगे. खराब निकली तो वॉरंटी में नई."

"बंद असेल तर आणू कशी?"

हितेशभाईंनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. हा प्रश्न त्यांनाही कधी सुटलेला नसावा.

आता ह्यातली गंमत बघा. बॅटरी मेली की गाडी दुकानापर्यंत जात नाही. दुकानापर्यंत न्यायची तर गाडी चालू करावी लागते. चालू गाडी वाटेत बॅटरी भरत जाते. म्हणजे दुकानात पोहोचेपर्यंत मेलेला माणूस उठून बसलेला असायचा, आणि डॉक्टर म्हणायचे, ह्याला काय झालंय, धडधाकट तर आहे.

एकदा मी हितेशभाईंना घरी बोलावलं. ते मशीन घेऊन आले. त्या दिवशी गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली. सुनंदाने त्यांना चहा दिला.

मग मी दुसरं मत घ्यायचं ठरवलं. कतारगामला एक दुकान होतं, तिथला माणूस म्हणाला, बॅटरी गुड आहे, तुमचा अल्टरनेटर गेलाय. मोठ्या सर्व्हिस स्टेशनवाला म्हणाला, अल्टरनेटर उत्तम आहे, अर्थिंग बघा. अर्थिंग बघणारा म्हणाला, अर्थिंगला काही झालेलं नाही, बॅटरी कुठल्या दुकानाची आहे? मी नाव सांगितलं. तो नुसता हसला आणि हात पुसत आत गेला. त्या हसण्याचा अर्थ मी आठवडाभर लावत होतो. शेवटी पुन्हा हितेशभाईंकडेच गेलो. त्यांनी गाडी एक रात्र ठेवून घेतली, बॅटरी काढून चार्जिंगला लावली, सकाळी परत बसवली, मशीन लावलं. गुड. आम्ही गाडी घेऊन आलो. तेव्हा त्यांच्याकडे दिलेली जादा किल्ली त्यांच्याकडेच राहिली, हे मला पुढे फार सविस्तर आठवणार होतं.

एव्हाना मला रागापेक्षा कुतूहल जास्त वाटू लागलं होतं. आमच्या धंद्यात पार्टी म्हणते, शेड जमली नाही. मग आम्ही तो कापडाचा तुकडा ट्यूबलाइटखाली बघतो, उन्हात बघतो, पिवळ्या दिव्याखाली बघतो. कुठेतरी चूक सापडतेच. मला खात्री होती की गाडीतही काहीतरी आहे, जे आम्ही नसताना बॅटरी पितं. ते रात्री उठून कुठे जातं, एवढंच कळायला हवं होतं.

त्यातच तो रविवार आला.

प्राजक्ताने लग्न ठरवलं होतं, म्हणजे तिचं तिनेच. निखिल देवरे तिच्याच ऑफिसात होता. मुलगा आमच्या पसंतीचा होता, मुलगी त्यांच्या पसंतीची होती, फक्त मोठ्यांची भेट राहिली होती. त्याचे आईवडील त्या दिवशी अमळनेरहून पहिल्यांदा आमच्याकडे येणार होते. वडील निवृत्त हेडमास्तर, सगळा तालुका त्यांना देवरे सर म्हणतो. निखिलने आधीच सावध केलं होतं, "काका, बाबांना वेळ पाळलेली आवडते. बाकी त्यांचं काही नसतं." निखिलला स्वतःला ऑफिसच्या कामाने बडोद्याला जावं लागलं होतं, तो संध्याकाळी पोहोचणार होता. मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "काळजी करू नकोस. उधना स्टेशनवर मी गाडी घेऊन उभा असेन."

त्या सकाळी गाडी चालू झाली. मी बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा झाली. मी समाधानाने बंद केली आणि पाहुण्यांच्या सामानासाठी डिकी साफ करायला घेतली. झाकण उघडलं तर आत कोपऱ्यात एक छोटासा दिवा लागला होता.

हा दिवा मी पूर्वीही पाहिला असणार. पण त्या दिवशी माझ्या मनात प्रश्न आला. झाकण लावल्यावर हा बंद होतो का?

मी झाकण हळूहळू खाली आणत फटीतून डोकावलो. अगदी शेवटच्या बोटभर फटीपर्यंत दिवा चालू दिसत होता. पुढे फट संपली. बटण कुठे आहे ते शोधलं, सापडलं नाही. मी फार विचार केला आणि वर हाक मारली. सुनंदा पुरणाचे हात पुसत खाली आली.

"मी आत बसतो," मी म्हणालो. "तू झाकण लाव. दिवा बंद होतो का ते बघतो. मग उघड."

"पाहुण्यांची गाडी यायला तासभर राहिलाय. अंगावर नवा कुर्ता आहे."

"अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"तुम्हाला आत्ताच सुचतं का हे सगळं?"

"सुचायचं तेव्हाच सुचतं गं."

एक सांगायला हवं. प्रयोग नीट व्हावा म्हणून मी गाडीचे चारही दरवाजे आधी लॉक केले होते. दरवाजा उघडा राहिला तर आतला मोठा दिवा लागतो, त्याचा उजेड सीटच्या फटीतून डिकीत आला तर निष्कर्ष चुकेल. एवढा विचार मी केला होता. दरवाजे लॉक केले, किल्ली नेहमीच्या सवयीने खिशात टाकली, पाय दुमडले आणि स्टेपनीच्या उंचवट्यावर आडवा झालो.

"जोराने आपट," मी म्हणालो, "नाहीतर लागत नाही."

सुनंदाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पुरण गॅसवर होतं.

धाडकन झाकण लागलं. आणि दिवा चालूच. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, पिवळा, शांत, निर्लज्ज. इतक्या महिन्यांचा चोर समोर बसून माझ्याकडे बघत होता. लहर लागेल तेव्हा रात्रंदिवस हा इथे जळत होता आणि कुणालाच दिसत नव्हता, कारण बघायला झाकण उघडलं की तो हक्काने जळायचा.

"चालू आहे," मी ओरडलो.

"काय चालू आहे?"

"दिवा. सुनंदा, सापडलं. बॅटरी हाच खातो. दिवा चालूच राहतो."

"बरं. या आता बाहेर."

"उघड."

"किल्ली कुठाय?"

मी खिसा चाचपला. बाहेर तिला कळलं. आमचा पंचवीस-तीस वर्षांचा संसार आहे, काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

आमच्या गाडीची डिकी दोनच रीतींनी उघडते. बाहेरून किल्लीने, नाहीतर ड्रायव्हरच्या सीटजवळचा खटका ओढून. सीट लॉक दरवाजांच्या आत. मी आतून मागच्या सीटच्या पाठीला लाथा मारून पाहिल्या. ती पाठ कंपनीने फार मन लावून बसवली होती. किल्ली बाहेर सरकवण्याएवढी फट कुठे नव्हती. आणि सुरतेची गरमी बाहेर काय कमी होती की ती आत आणखी आणावी? घाम कानात जायला लागला. खोटं कशाला सांगू, क्षणभर घाबरलो. दिवा आहे म्हणून बरं, असंही वाटून गेलं.

"अहो, श्वास घेता येतोय ना?" सुनंदाने विचारलं. तिचा आवाज बदलला होता. इतका मऊ आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"येतोय. फटीतून वारा येतोय थोडा."

"मग थांबा तसेच," ती म्हणाली आणि आवाज पूर्ववत झाला. "प्राजू, हितेशभाईला फोन लाव. जादा किल्ली त्यांच्याकडे आहे."

प्राजक्ता धावत खाली आली. तिने काय चाललंय ते विचारलं, आईने सांगितलं, आणि मग काही वेळ मला फक्त "पप्पा, आजच?" एवढंच ऐकू आलं. तिने स्पीकरवर फोन लावला.

"किल्ली आहे," हितेशभाई म्हणाले. "पण ऐसे किसी को नहीं दे सकते. गाडी की चाबी है. साहेब को खुद भेजो."

"साहेब गाडीत आहेत."

"तो गाडी में ही आ जाएं."

"नाही, डिकीत आहेत. अडकलेत."

"कौन अटक गया?"

"पप्पा."

"डिकी मां?" हितेशभाईंनी विचारलं. मग जरा थांबून, फार काळजीपूर्वक, "बॅटरी के लिए?"

तेवढ्यात कांतिभाई सवयीने जंपर केबल घेऊन खाली आले. रविवारी आमच्या गाडीभोवती गर्दी म्हणजे केबल, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी डिकीवर हळूच टकटक केलं. "पाटीलभाई, अंदर शुं करो छो?"

"दिवा बघतोय."

"केबल लगाडुं?"

"नको, कांतिभाई. बॅटरी चांगली आहे." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो.

कांतिभाईंनी मग हितेशभाईंना गुजरातीत समजावलं आणि किल्ली निघाली. पण उधन्याहून डिंडोली, मध्ये फाटक, मध्ये रविवारचा बाजार. कांतिभाई म्हणाले, काच फोडू या. सुनंदा म्हणाली, फोडा. मी आतून म्हणालो, काच नको, माणूस निघालाय. सुनंदा म्हणाली, "तो येईपर्यंत बोलत राहा. गप्प झालात की मी वरवंटा आणणार." म्हणून मी बोलत राहिलो. पुरण करपतंय का बघ, म्हणालो. पाहुण्यांसाठी काढलेले कप बरोबर आहेत का, विचारलं. तिने सगळ्याला हो म्हटलं, आणि ती जागची हलली नाही, हे मला आवाजावरून कळत होतं.

तेवढ्यात माझ्या खिशातला मोबाइल वाजला. देवरे सर.

"नमस्कार पाटील साहेब. गाडी वेळेआधी आली. आम्ही उतरलो. आपण कुठे आहात?"

"नमस्कार सर. मी गाडीतच आहे."

हे शंभर टक्के खरं होतं.

"छान, छान. मग किती वेळ?"

"जरा अडकलोय."

"ट्रॅफिक असेल. आवाज घुमतोय तुमचा."

"हो. गाडी लहान आहे."

"सावकाश या. घाई करू नका," देवरे सर म्हणाले, आणि त्यांच्या त्या चांगुलपणाने मला आणखी घाम फुटला.

प्राजक्ताने बाहेरून सगळं ऐकलं होतं. "पप्पा, मी जाते. रिक्षाने घेऊन येते त्यांना."

"ये. पण काही सांगू नकोस."

"मग काय सांगू?"

ह्याचं उत्तर मी देईपर्यंत ती निघून गेली होती. माझा हिशेब साधा होता. हितेशभाई आधी येतील, मी बाहेर निघेन, तोंड धुवेन, आणि दारात हसत उभा राहीन. पण रिक्षावाल्याला गल्ल्या ठाऊक होत्या आणि हितेशभाई फाटकाला अडकले.

रिक्षा थांबल्याचा आवाज आला. बॅग ठेवल्याचा आवाज आला. सुनंदाचं "या, या" ऐकू आलं, आणि मग देवरे सरांचा भारदस्त आवाज, "पाटील साहेब वर आहेत का?"

मला वाटलं, आता लपण्यात अर्थ नाही.

"नमस्कार सर," मी डिकीतून म्हणालो. "प्रवास नीट झाला ना?"

पावलं जवळ आली आणि अगदी माझ्या कानाशी आवाज आला. "नमस्कार. हो, नीट झाला. आपण कसे आहात?"

"मी बरा आहे."

"मुलीने वाटेत दिव्याचं सांगितलं, आपण आत आहात हे नाही. दिवा चालू राहतो म्हणे?"

"चालूच आहे, सर. आत्ताही."

"झाकण पूर्ण लागलेलं असताना?"

"पूर्ण."

"म्हणजे स्विच अडकला असणार," देवरे सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला, ते बॅग वगैरे विसरले. "मला नेहमी वाटायचं, हा दिवा बंद होतो हे आपण गृहीत धरतो. कुणी बघितलंय?"

"मी बघितलंय," मी म्हणालो.

"उजेड स्थिर आहे की कमी-जास्त होतोय?"

"जरा पिवळट होतोय, सर. मघापेक्षा."

"वा," देवरे सर म्हणाले. असं मनापासून 'वा' मला मिलमध्ये कुणी कधी म्हटलेलं नाही. आम्ही मग बॅटरीवर बोललो. मी त्यांना हितेशभाईंचं मशीन, कतारगाम, अर्थिंग, सगळं सांगितलं. ते मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते. कांतिभाईंनी त्यांना खुर्ची आणून दिली. बाहेर काय दिसत असेल ते मला नंतर प्राजक्ताने सांगितलं. एक हेडमास्तर बंद डिकीला कान लावून खुर्चीत बसले होते आणि मान डोलावत होते. सोसायटीतले लोक गॅलरीत आले होते.

मधेच एका बाईंचा आवाज आला. निखिलच्या आई. "भाऊ, कसा शेतस? पाणी लागी का?"

घरची अहिराणी ऐकून माझा जीव भांड्यात पडला. पाणी घेता येणार नव्हतं, पण विचारलं हेच पुष्कळ झालं.

शेवटी हितेशभाई आले. त्यांनी किल्ली लावली, झाकण वर झालं, आणि मी उन्हात डोळे मिचकावत उठून बसलो. कुर्त्यावर स्टेपनीचा गोल छाप होता. मी बसल्या बसल्या दोन्ही हात जोडले. पाय सरळ व्हायला तयार नव्हते, म्हणून देवरे सरांनी एक हात धरला, कांतिभाईंनी दुसरा. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, पदराने माझं कपाळ पुसलं आणि मग पुरण बघायला ती वर पळाली.

हितेशभाईंनी आधी बॉनेट उघडून मशीन लावलं. सगळे मशीनवर वाकलो.

"गुड," हितेशभाई म्हणाले, आणि पहिल्यांदाच मी त्यांच्याशी भांडलो नाही. बॅटरी खरंच चांगली होती. कदाचित आधीची, मी देऊन टाकलेली, तीही चांगलीच होती. एवढी दुकानं, एवढी मशीनं, पण डिकी कुणीच तपासली नव्हती. मीही नाही.

झाकणाच्या कुलपातच एक बारीक दांडी होती. ती गंजून कधी कधी बाहेरच अडकून राहायची, झाकणाने दाबली जायची नाही. हितेशभाईंनी तेल सोडलं, स्क्रू ड्रायव्हरने हलवली, ती टुणकन आत-बाहेर व्हायला लागली.

"हो गया. अब बंद हो जाएगा."

"कशावरून?" देवरे सरांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. झाकण लावल्यावर दिवा बंद झाला की नाही, हे आता कसं कळणार? सगळ्यांनी डिकीकडे पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. करपलेलं पुरण उतरवून परत खाली आलेल्या सुनंदाने हितेशभाईंच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि मूठ आवळली.

"मी बसतो पाहिजे तर," देवरे सर म्हणाले आणि चष्मा काढायला लागले.

"बठा मझार," निखिलच्या आई शांतपणे म्हणाल्या. "मी जास अमळनेरले."

देवरे सरांनी चष्मा परत लावला.

मग प्राजक्ता पुढे आली. तिने आपल्या मोबाइलवर व्हिडिओ चालू केला, मोबाइल डिकीत उभा करून ठेवला, झाकण लावलं, थोडं थांबली, आईकडून किल्ली घेऊन उघडलं आणि मोबाइल आमच्यासमोर धरला. आधी उजेड होता. मग धाडकन आवाज आला. मग अंधार.

कांतिभाई केबल गुंडाळायला लागले. हितेशभाई खाली बघून मशीनच्या चिमट्यांशी खेळत होते.

देवरे सरांनी तो व्हिडिओ पुन्हा एकदा लावून बघितला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "व्याही," ते म्हणाले. आम्हाला त्यांनी व्याही म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. "हे इतकं सोपं आपल्याला का नाही सुचलं? मोबाइल तर तुमच्याजवळ होताच."

"होता ना," मी म्हणालो. "पण आत एकालाच बसायला जागा होती. तो मान मी मोबाइलला द्यायला हवा होता."